मोत्यासारखं अक्षर

बाईंच्या आवाजाची शाळेत ख्याती होती. एकदा घंटेची कडी तुटली, तेव्हा शिपाईमामा सरळ त्यांच्या वर्गात आले आणि म्हणाले, "बाई, जरा मोठ्यानं हजेरी घ्या, पटांगणातली पोरं आपोआप आत येतील." बाईंनी खरोखरच घेतली आणि पोरं आलीही. घरी नवरा म्हणायचा, "तू स्वयंपाकघरातून काही विचारलंस की शेजारचे उत्तर देतात." बाईंना या थट्टेचं वाईट वाटत नसे. अठ्ठावीस वर्षं शिकवण्यात गेली होती आणि आवाज हीच त्यांची कमाई होती.

शाळा चौथीपर्यंतच. तिथून मुलं रस्त्यापलीकडच्या मोठ्या शाळेत जायची. बाई तिसरीचा वर्ग हातात घ्यायच्या, तोच वर्ग चौथीत न्यायच्या, दोन वर्षांनी पलीकडे पोचवायच्या आणि पुन्हा तिसरीच्या दारात येऊन उभ्या राहायच्या. एका वर्गात त्रेचाळीस मुलं आणि एकवीस बाक. शेवटच्या बाकावर तिघं बसायची आणि त्यातलं एक कायम घसरून खाली पडायचं.

ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी वरून पत्र आलं होतं. कुठल्याच मुलाला वेगळ्या शाळेत धाडायचं नाही, सगळी एकाच वर्गात शिकतील. बाईंना ते मनापासून पटलं. त्यांच्या लहानपणी शेजारी एक पांगळा मुलगा होता, तो दिवसभर ओट्यावर बसून शाळेत जाणाऱ्या मुलांना हात करायचा. त्यामुळे पत्र वाचून शिक्षकांच्या खोलीत बाकीच्यांनी कपाळाला हात लावले, तेव्हा बाई म्हणाल्या, "अहो, बरं आहे की. कुठे जाणार ती मुलं?"

प्रशिक्षण एका दिवसाचं होतं. सभागृह मोठं, पडदा लहान. बोलणाऱ्या गृहस्थांचा माइक मधूनमधून बंद पडायचा, त्यामुळे ऐकू न येणाऱ्या मुलांविषयीचा भाग नेमका कुणालाच ऐकू आला नाही. बाईंच्या वहीत त्यातलं एकच वाक्य उतरलं: अशा मुलाला पुढच्या बाकावर बसवावे.

तेव्हा अशी एक मुलगी वर्गात आली, तशी बाईंनी तिला पुढच्या बाकावर बसवलं. आठ वर्षांची, किडकिडीत, केस घट्ट बांधलेले, उजव्या कानामागे मातकट रंगाचं यंत्र. तिची आई एका इस्त्रीच्या दुकानात कामाला होती. पहिल्या दिवशी ती वर्गाच्या दारात उभी राहून म्हणाली, "यंत्र लावलंय बाई, आता ऐकू येतं तिला. लाजरी आहे, एवढंच. काही विचारलं तर हो म्हणते, जास्त बोलत नाही."

"बोलेल हळूहळू," बाई म्हणाल्या. "माझ्या वर्गात कुणी गप्प राहत नाही."

त्या वर्गात ती एकटीच वेगळी होती असंही नाही. एका मुलीला फिट यायच्या, तिच्या गोळीची वेळ बाईंनाच लक्षात ठेवावी लागायची. एकाचा हात थरथरायचा, त्याला कुणीतरी पेन्सिल धरून द्यावी लागायची. चौघांना अजून अक्षरओळख नव्हती. एकाला सावरावं तर दुसऱ्यानं तिसऱ्याचा डबा सांडलेला असायचा. बाईंच्या नाकी नऊ यायचे. या सगळ्यात पुढच्या बाकावरची ही मुलगी म्हणजे सुटकेचा निःश्वास होती. तिची कुरबुर नाही, तक्रार नाही, मान खाली घालून लिहीत बसायची.

आणि अक्षर तर असं की छापलेलं वाटावं. वळणदार, एकसारखं, ओळीला एक केसभरही न सोडणारं. पहिली वही तपासताना बाई खुर्चीत मागे टेकल्या आणि पानं उलटतच राहिल्या. अठ्ठावीस वर्षांत असं अक्षर त्यांनी पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून त्यांनी तिचं नाव मोती ठेवलं. पुढे वर्गही तिला मोती म्हणू लागला आणि शिपाईमामाही.

मोतीची वही वर्गभर फिरायची. "बघा," बाई बाकीच्यांना सुनवायच्या, "तिला नीट ऐकू येत नाही, तरी एक चूक नाही. आणि तुम्हाला दोन-दोन कान दिलेत ते कशाला?" मोती बाईंच्या तोंडाकडे बघून हसायची. तपासणीला साहेब आले तेव्हा त्यांनीही ती वही हातात घेतली, मोतीला शेजारी उभं करून फोटो काढवला आणि महिन्याभरात शाळेला शाबासकीचं पत्र आलं. मुख्याध्यापकांनी पत्र आणि फोटो एकाच चौकटीत बसवून आपल्या खुर्चीमागे टांगले. बाईंना आनंद झाला. का होऊ नये? कष्ट त्यांनीच केले होते, निदान त्यांना तसं वाटत होतं.

एक बारीकशी गोष्ट तेव्हाच लक्षात यायला हवी होती. त्याच खोलीत दुपारी दुसरा वर्ग भरायचा. सकाळचं लिखाण त्यांनी पुसू नये म्हणून बाई फळ्याच्या कोपऱ्यात, चौकट करून, "पुसू नये" असं लिहून ठेवायच्या. मोतीच्या वहीत प्रत्येक धड्याखाली, चौकटीसकट, सुरेख अक्षरात लिहिलेलं असायचं: पुसू नये.

बाईंनी ते पाहिलं आणि शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना दाखवलं. "आमची मोती इतकी प्रामाणिक, फळ्यावर माशी बसली तर तिचंही चित्र काढेल."

"मक्षिकास्थाने मक्षिका," दुसरीचे गुरुजी चहा ढवळत म्हणाले, आणि सगळे हसले. बाई सगळ्यांत मोठ्यानं हसल्या. न समजता केलेल्या नकलेलाच तसं म्हणतात, हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तरी त्यावर कुणी क्षणभर थांबलं नाही.

अशी तिसरी गेली, चौथीचीही सहामाही झाली. प्रत्येक प्रगतिपुस्तकात बाई लिहीत गेल्या: प्रगती समाधानकारक. परीक्षेत मोती जेमतेम पास होई, कारण निम्मे प्रश्न धड्यातले जसेच्या तसे असायचे आणि ती धडे जसेच्या तसे लिहायची. उरलेल्या प्रश्नांपुढे जागा कोरी असे. बाई त्याला लाजरेपणा म्हणायच्या.

अशा मुलांसाठी एक फिरत्या बाई नेमलेल्या होत्या. वयानं लहान, स्कूटरवरून यायच्या, खांद्याला चित्रांच्या पत्त्यांची पिशवी. बावीस शाळा एकटीच्या गळ्यात. या शाळेत दोन-तीन महिन्यांतून एकदा त्यांची फेरी व्हायची, आणि दर वेळी काहीतरी आडवं यायचं. कधी परीक्षा, कधी मोती गैरहजर. मग वहीत सही करून त्या पुढच्या शाळेला पळायच्या. सहामाहीनंतरच्या एका सकाळी मात्र त्यांना तासभर मिळाला.

बाईंनी मोठ्या अभिमानानं मोतीच्या वह्या त्यांच्यापुढे ठेवल्या. फिरत्या बाईंनी दोन पानं पाहिली, वही मिटली आणि ती आपल्या तोंडासमोर धरली.

"तू जेवलीस का?" वहीआडून त्यांनी विचारलं.

"हो," मोती म्हणाली.

"तुझी चप्पल कुठे आहे?"

"हो."

"तू हत्ती आहेस का?"

"हो."

वर्ग खदखदून हसला. मोतीनं मागे वळून पाहिलं आणि तीही हसली. फळ्यावर बेरजा लिहिणाऱ्या बाईंचा हात जागीच थांबला.

फिरत्या बाईंनी मग वहीतला एक परिच्छेद उघडला. झाडाची मुळे जमिनीतील पाणी शोषून घेतात. पिशवीतून झाडाचं चित्र काढून त्यांनी शेजारी ठेवलं. वाक्यातल्या 'मुळे' या शब्दावर बोट टेकवलं, मग चित्राकडे हात केला, दाखव. मोतीनं चित्राकडे पाहिलं, वाक्याकडे पाहिलं. मग पेन्सिल उचलली आणि चित्राखाली, मोठ्या काळजीनं, तेच वाक्य पुन्हा लिहून काढलं. झाडाची मुळे जमिनीतील पाणी शोषून घेतात. लिहून झाल्यावर मान वर करून ती शाबासकीची वाट बघत राहिली.

शेवटी फिरत्या बाईंनी तिच्या कानामागचं यंत्र अलगद काढलं आणि नखानं त्याचं झाकण उघडलं. आतल्या सेलवर पांढरी पूड जमली होती.

"किती दिवस बंद आहे हे?" त्यांनी बाईंना विचारलं.

आईला वाटत होतं यंत्र लावलंय म्हणजे चालू आहे. बाईंनाही तेच वाटत होतं. आणि मोती लाव म्हटलं की रोज लावत होती.

फिरत्या बाई रागावल्या नाहीत. उलट म्हणाल्या, "पुष्कळ ठिकाणी हेच दिसतं, बाई. अशी मुलं सगळ्यांना फसवतात."

बाईंना तो शब्द लागला. मोतीनं कुणाला फसवलं नव्हतं. शाळा म्हणजे हेच असतं, असं तिला वाटत असणार. बाकात बसायचं, फळ्यावरच्या रेघा वहीत उतरवायच्या, मोठ्या बाई तोंड हलवतात तेव्हा हसायचं, आणि त्यांच्या भुवया वर गेल्या की हो म्हणायचं.

त्या दुपारी घरी आल्यावर बाईंनी सासूबाईंना वाढलं. सासूबाईंना ऐंशी उलटून गेलेली आणि कानांनी दहा वर्षांपूर्वीच रजा घेतलेली. बाई नेहमीप्रमाणे आधी त्यांच्या खांद्याला हात लावून समोर बसल्या. त्यांनी वर बघेपर्यंत थांबल्या. मग हळू, एकेक वाक्य: "आज तुमची लेक येणार आहे. पाच वाजता."

"हो हो," सासूबाई म्हणाल्या.

"काय सांगितलं मी?"

"जेव म्हणालीस."

बाईंनी पुन्हा सांगितलं, पाच बोटं दाखवून. सासूबाईंच्या 'हो हो'वर विसंबायचं नाही, हे त्या घरात लहान भाच्यालाही ठाऊक होतं. हे सगळं बाई दहा वर्षं, दिवसातून दहा वेळा, विचार न करता करत आल्या होत्या. आणि घरापासून दहा मिनिटांवर, हाताच्या अंतरावर बसलेल्या मुलीसमोर त्या दीड वर्षं फळ्याकडे तोंड करून बोलत राहिल्या.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मग आईला सांगतेस तसंच सांग की तिला."

"आई एक आहेत," बाई म्हणाल्या. "वर्गात त्रेचाळीस आहेत."

पण त्यांनी सुरुवात केली, हे खरं. यंत्राला नवा सेल बसला. कानांची पुन्हा तपासणी झाली आणि कळलं की ऐकू येणं आधीपेक्षा बरंच कमी झालंय, यंत्रानं फार तर गाडीचा कर्णा कळेल. हे आईला कळलं, पण वह्यांतलं सगळं नुसतं उतरवलेलं आहे, हे तिला कुणी सांगितलं नाही. बाईंनी फळ्याकडे तोंड करून बोलायचं सोडायचं ठरवलं. अठ्ठावीस वर्षांची सवय, वाक्य अर्ध्यावर आलं की मान आपोआप वळायची. मग त्या थांबायच्या, वळायच्या, पुन्हा सुरू करायच्या. तेवढ्यात मागच्या बाकांवर बाजार भरायचा.

शाळा सुटल्यावर, दुपारचा वर्ग भरायच्या आधी, रोज अर्धा तास त्या मोतीला घेऊन बसायच्या. फिरत्या बाईंनी दिलेली चित्रं, पाण्याचा पेला, कुंडी, दिनदर्शिका, हाताला लागेल ते. मूळ, पान, वर, खाली. काल, आज, उद्या. पहिल्या आठवड्यात मोती प्रत्येक शब्द नुसता लिहून घ्यायला बघायची, बाई तिच्या हातातली पेन्सिल काढून बाजूला ठेवायच्या. पेन्सिल गेली की ती घाबरायची. तिसऱ्या आठवड्यात बाईंनी 'खाली' म्हटल्यावर तिनं बाकाखाली बोट दाखवलं. पाचव्या आठवड्यात बाईंनी वाळलेली कुंडी पुढे ठेवून सांगितलं, "पाणी नाही, म्हणून वाळली." मोतीनं कुंडीकडे पाहिलं, मग बाईंच्या तोंडाकडे.

"का?" तिनं विचारलं.

दीड वर्षात 'हो'शिवाय ऐकलेला तो तिचा पहिला शब्द. आवाज जाडसर, तोंडात कापूस असल्यासारखा. सुट्टीत कुणी पाणी घातलं नाही, हे सांगायला बाईंना पंधरा मिनिटं लागली, आणि घरी जाताना वाटेत त्या एकट्याच हसत होत्या.

हे सहा आठवडे चाललं. मग शेजारच्या तिसरीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. बदली माणूस मिळेना. मुख्याध्यापकांनी त्यांची अडतीस मुलं बाईंच्या वर्गात आणून बसवली, बाकांवर मावली तेवढी बाकांवर, बाकीची जमिनीवर. मुख्याध्यापक वाईट माणूस नव्हते. ते स्वतः पहिलीला शिकवत होते, कचेरीचं कामही बघत होते आणि गळक्या नळाखाली बादलीही ठेवत होते. दोन पालक तक्रार घेऊन आले की भागाकार अजून झाले नाहीत, बाई सारख्या थांबतात, तेव्हा ते बाईंना एवढंच म्हणाले, "एकीसाठी ऐंशी अडवून धरता येतील का, तुम्हीच सांगा."



मोतीचा अर्धा तास बाईंनी एका आठवड्यापुरता बंद केला. शाळा सुटली की ऐंशी वह्यांचा गठ्ठा पोटाशी धरून त्या दाराकडे निघायच्या, तेव्हा मोती पुढच्या बाकावर बसलेली असायची, पेन्सिल आपणहून बाजूला ठेवलेली. बाई दारातून ओठ स्पष्ट हलवून सांगायच्या, "उद्या." तो शब्द मोतीला येत होता, बाईंनीच शिकवला होता. आठ-नऊ दिवस ती थांबली. मग एके दिवशी घंटा झाल्यावर बाकी मुलांबरोबर तीही निघून गेली. बाईंना, खरं सांगायचं तर, त्या दिवशी जरा हलकं वाटलं.

वर्ष संपता संपता फिरत्या बाई शेवटच्या आल्या. त्यांची नेमणूक संपत होती. जाताना त्यांनी एक फॉर्म दिला. "हा मनापासून भरा. मोतीबरोबर मोठ्या शाळेत जाऊ द्या. तिला नेमकं काय येतं, काय येत नाही, स्पष्ट लिहा. तिथल्या लोकांना हे कुणीतरी सांगायला हवं, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून."

बाई फॉर्म घेऊन बसल्या. पहिलाच प्रश्न: मुलाची पातळी कोणत्या इयत्तेची आहे? खरं उत्तर पहिलीची, तीही धड नाही. दुसरा प्रश्न: याआधीच्या मूल्यमापनात काय नोंदवले होते? बाईंनी पेन खाली ठेवलं. दीड वर्षाच्या प्रत्येक प्रगतिपुस्तकावर त्यांची सही होती. मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागे चौकट होती. एका हातानं शाबासकी घ्यायची आणि दुसऱ्या हातानं लिहून द्यायचं की मुलीला काहीच येत नाही, माझ्या लक्षातच आलं नव्हतं?

त्यांनी मुख्याध्यापकांना विचारून पाहिलं. ते चष्मा पुसत म्हणाले, "तुम्हाला योग्य वाटेल ते लिहा, बाई. फक्त ते पत्र आपल्याला कशाबद्दल मिळालं, तेही लक्षात असू द्या."

फॉर्म कपाटात वह्यांखाली गेला. नंतर भरू, जरा निवांत झाल्यावर. शेवटच्या प्रगतिपुस्तकात बाईंनी लिहिलं, "प्रगती समाधानकारक. अक्षर अतिशय सुंदर." मुलगी रस्ता ओलांडून मोठ्या शाळेत गेली. बाई नव्या तिसरीच्या दारात उभ्या राहिल्या. नव्या वर्गात त्या फळ्याकडे तोंड करून बोलत नसत, कुणी हो म्हटलं की उलट विचारत. म्हणजे शिकल्या होत्या त्या, पण मोतीच्या जिवावर.

तीन वर्षांनी घरातली इस्त्री बिघडली म्हणून बाई कपडे घेऊन बाजारातल्या दुकानात गेल्या. फळीमागे मोतीची आई उभी होती. ओळखून तिचा चेहरा उजळला. तिनं स्टूल पुढे केलं.

"कशी आहे मोती?" बाईंनी विचारलं.

"शाळा सोडली तिनं. सहावीतच." आईनं शर्टाची कॉलर सरळ केली. "तुमच्याकडे हुशार होती ती. तिथले सर म्हणायचे, हिला काही येत नाही. मी तुमची सगळी प्रगतिपुस्तकं नेऊन दाखवली त्यांना. म्हटलं, बघा, दोन वर्षं समाधानकारक आहे. ते म्हणाले, मग येत असून करत नाही, आळशी झालीय. मागे बसवलं. रोज उभी करायचे."

इस्त्रीखालून वाफ येत होती. "आता काय करते?" बाईंनी विचारलं.

"घरीच. घड्या घालते माझ्याबरोबर. तुमचं नाव काढते मी नेहमी. म्हणते, एक त्या बाईच होत्या."

बाईंनी कपडे ठेवले आणि घरी आल्या. चौथ्या दिवशी कपडे आणायला गेल्या, तेव्हा दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. त्यांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. यंत्र बंद असतानाचं दीड वर्ष, नुसतं उतरवून काढणं, ते सहा आठवडे, कपाटातला फॉर्म. "समाधानकारक नव्हतं काही," त्या म्हणाल्या. "मला माहीत होतं. शेवटचं लिहिलं तेव्हा पुरतं माहीत होतं."

मोतीच्या आईनं इस्त्री उचलून उभी ठेवली. मग हळू आवाजात म्हणाली, "मी मारलं हो तिला. सर आळशी म्हणाले म्हणून. तुमच्या पुस्तकावर विसंबून मी माझ्या पोरीला मारलं."

ती ओरडली असती, तर बाईंना सोपं गेलं असतं. तिनं कपड्यांचं गाठोडं फळीवरून पुढे सरकवलं आणि पाठ फिरवली.

पुढचं बाईंनी जमेल तसं केलं. कपाटातून तो फॉर्म काढून भरला, एकही ओळ न सोडता, आणि मोठ्या शाळेत नेऊन दिला. तिथल्या कारकुनानं पटावरचं कमी झालेलं नाव दाखवलं आणि तरीही एका फायलीत तो लावून ठेवला. मग चार जणांना विचारून त्यांनी फिरत्या बाईंचा पत्ता शोधला. त्या आता मूकबधिरांच्या एका शाळेत होत्या. तिथे मोठ्या मुलींसाठी शिवणकामाचा वर्ग होता, आणि तिथे सगळं हातांच्या भाषेत चालायचं. "उशीर झालाय," फिरत्या बाई फोनवर म्हणाल्या, "पण आणा तिला."

पहिल्या दिवशी बाईही बरोबर गेल्या. फाटकापाशी मोतीच्या आईनं त्यांना सांगितलं, "तुम्ही इथेच थांबा." बाई थांबल्या. त्यानंतर त्या तिकडे गेल्या नाहीत. मुलगी रमलीय, तिला मैत्रिणी मिळाल्यात, एवढं अधूनमधून फिरत्या बाईंकडून कळायचं. इस्त्रीच्या दुकानात बाईंचे कपडे घेतले जायचे, चोख व्हायचे, बोलणं मात्र होत नसे.

मोती सतरा वर्षांची झाली तेव्हा तिला शिवणाच्या कारखान्यात काम मिळायचं होतं आणि त्यासाठी पहिल्या शाळेतला जन्मतारखेचा दाखला हवा होता. म्हणून मायलेकी एका सकाळी शाळेच्या कचेरीत आल्या. शिपाईमामांनी बाईंना वर्गातून बोलावलं. आता बाईंची दोनच वर्षं उरली होती.

मोती उंच झाली होती. ती नजर सरळ समोरच्याच्या चेहऱ्यावर ठेवून बोलायची, ओठही वाचायची, थोडंसं तोंडानं बोलायचीही. बाई तिच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. तिनं पाहीपर्यंत थांबल्या.

"माझं चुकलं," बाई म्हणाल्या. "तुझ्या बाबतीत."

मोतीनं आईकडे पाहिलं. आईनं दोन-तीन खुणा केल्या. मोतीनं पुन्हा बाईंकडे पाहिलं आणि तिच्या जाडसर आवाजात विचारलं, "कधी?"

बाईंनी बोटं मोजल्यासारखी केली आणि ती तशीच मिटली. "तिसरीत," त्या म्हणाल्या. "चौथीत. रोजच."

मोतीनं विचार केला. मग ती आईशी हातांनी काही तरी बोलली, भराभर, आणि आईनं ते सांगितलं. आई आता त्या भाषेत बरीच तयार झाली होती. "ती म्हणते, त्या दोन वर्षांतलं तिला फारसं आठवत नाही. बाहेरून मोठी गाडी गेली की बाक थरथरायचा, तेवढं आठवतं. बाक थरथरला की ती वर बघायची, बाकीची मुलं पण बघतात का ते. म्हणते, बाकी सगळं एकसारखंच होतं."

"आणि मी?" बाईंच्या तोंडून निघून गेलं.

आईनं ते विचारलं नाही. कारकुनानं दाखल्यावर शिक्का मारला, मोतीनं तारीख नीट तपासून कागद घडी न करता पिशवीत ठेवला. दारापाशी तिनं वळून बाईंना मान लववली, कुणाही वडीलधाऱ्या माणसाला लववावी तशी. मग दोघी पायऱ्या उतरून गेल्या.

वर्गातून गोंगाट येत होता, कुणाचा तरी डबा पडल्याचा आवाज आला. शिपाईमामा म्हणाले, "बाई, जाऊ का मी बसायला?"

"नको," बाई म्हणाल्या, "मीच जाते." आणि पदर सारखा करत त्या वर्गाकडे निघाल्या.